तिळगुळातला ळ

२६ जुलै २००५ ला गोरेगावच्या मोतीलाल नगरातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा पलंगाखालचा पत्र्याचा डबा कुणाच्याच लक्षात नव्हता. धान्याचे डबे वर चढवले, रेशनकार्ड आणि शाळेचे कागद पिशवीत कोंबले आणि शेजाऱ्यांच्या माळ्यावर रात्र काढली. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे मागाहून कळलं. डबा उघडला तो तिसऱ्या दिवशी. आत आईने जपलेली संक्रांतीची भेटकार्डं होती.

आजच्या मुलांना ही कार्डं सांगूनच कळतात. तळहाताएवढा घडीचा कागद, वर पतंग नाहीतर सुगडं, आत दोन ओळी आणि चिमूटभर तिळाची पुडी. कधी काटेरी हलव्याचे चार दाणे. प्रत्यक्ष येऊन तिळगूळ हातावर ठेवणं जमणार नाही, म्हणून तो पाकिटातून यायचा. वाटेत हलव्याचा चुरा व्हायचा, पण आई तो चुराही बोटाने टिपून आम्हा भावंडांच्या जिभेवर ठेवायची. माझी चिपळूणची आत्या विकतचं कार्ड कधी पाठवत नसे. घोटीव कागद कापून, खळीने चिकटवून, त्यावर भेंडीच्या ठशाची फुलं उठवून ती कार्ड करायची. प्रत्येक घराला वेगळा रंग.

ती भिजलेली कार्डं मी दोरीवर चिमट्यांनी वाळत घातली. शाईच्या पेनाने लिहिलेला मजकूर पार गेला होता, त्या जागी निळसर ढग उरले होते. छापखान्यातली अक्षरं मात्र जशीच्या तशी होती. आत्याने पेन्सिलीने लिहिलेली नावंही टिकली होती. तिच्या फुलांपैकी पोस्टर कलरची वाहून गेली; दाराला लावून उरलेल्या ऑइल पेंटची राहिली. मी शाळेत कार्यानुभव शिकवत होते, तरी शाई म्हणजे काय याचा असा धडा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता. पेनाच्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, तो कागदाच्या तंतूंत मुरतो आणि पुन्हा पाणी लागलं की त्यासोबत निघून जातो. पेन्सिलीत आणि छपाईच्या शाईत रंगाचे न विरघळणारे कण असतात. ते कागदाला धरून बसतात.

२०१४ मध्ये निवृत्त झाले आणि त्या डब्यापासूनच पुन्हा सुरुवात केली. आता दर मंगळवारी दुपारी आमच्याकडे आठ-दहा जण जमतात आणि आम्ही शुभेच्छापत्रं करतो. रबरी ठसे, नक्षीचा कागद, कात्री आणि भरपूर वेळ, एवढंच भांडवल.

ठसेकाम आपल्याला नवं नाही. मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी भेंडीचा देठाकडचा तुकडा रंगात बुडवून फूल उठवलेलं असतं, बटाटा कोरून चांदणी केलेली असते. रबराचा ठसा हे त्याचंच टिकाऊ रूप. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ मध्ये उमगलं की कच्च्या रबरात गंधक मिसळून तापवलं तर ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही. पुढे दंतवैद्य अशा रबरातून कवळीची हिरडी घडवू लागले, आणि रबरी शिक्क्यांचे पहिले कारागीर रबर तापवायला दंतवैद्यांचीच भांडी वापरत. मला ही गोष्ट फार आवडते. कुणाच्या तोंडात दात बसवणाऱ्या भांड्यातून कुणाच्या तरी सहीचा शिक्का निघाला.

आपल्याकडे शिक्का म्हटलं की सोसायटीचा सेक्रेटरी नाहीतर शाळेचे मुख्याध्यापक आठवतात. गोरेगाव स्टेशनच्या पश्चिमेला, टोपीवाला मंडईच्या आसपासच्या गल्ल्यांत फिरताना मी पूर्वी एका शिक्केवाल्याकडे थांबायचे. त्याच्याकडे शिशाचे देवनागरी खिळे भरलेला लाकडी खण होता. तो खिळे जुळवायचा, त्यांचा साच्यावर दाब घ्यायचा, साच्यात रबर घालून तापत्या यंत्रात दाबायचा. थोड्या वेळाने रबराची गरम पोळी सोलून काढावी तशी अक्षरं निघायची. आता संगणकावर मजकूर जुळवतात आणि प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवापासून ठसा बनवतात: जिथे उजेड पडतो तिथे तो घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो. हे ठसे पारदर्शक असतात. ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवले की नेमके कुठे उठणार ते वरून दिसतं. नवशिक्यांना मी हेच देते. पण सुबक रेघेसाठी लाकडी मुठीचं लाल रबरच मला हवं असतं. त्यावर शाई सारखी पसरते.

कागदाकडे मात्र लोक लक्ष देत नाहीत आणि मग कार्ड का बिघडलं ते त्यांना कळत नाही. आम्ही ३०० जीएसएमचा जाड कागद घेतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम. ए-फोर आकाराचा ताव हा चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणून त्याचं वजन पावणेएकोणीस ग्रॅम भरतं. अख्ख्या तावाचं कार्ड केलं तर पाकीट धरून ते वीस ग्रॅमच्या वर जातं आणि पाच रुपयांच्या तिकिटात पोचत नाही. अर्ध्या तावाचं केलं तर जेमतेम साडेनऊ ग्रॅम. मग नक्षीचा कागद, पाकीट आणि तिळाची छोटी पुडी या सगळ्यांना जागा उरते. आमच्या वर्गात स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा कायम टेबलावर असतो.

घडीचंही एक शास्त्र आहे. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू एकाच दिशेला पहुडलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर कागद मुकाट वळतो, आडवी घातली तर घडीवर पांढऱ्या भेगा पडतात. ओळखायचं कसं? ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा. जे वळण कमी विरोधाने पडतं, तंतू त्या घडीला समांतर. मग पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबायची आणि त्या रेघेवरच वळवायचं. हातकागदात तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असतात, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

हातकागदाची माझी ओढ जुनी आहे. शाळेची सहल वेरूळला गेली होती तेव्हा दौलताबादच्या पुढे कागजीपुऱ्याला थांबलो होतो. गावाचं नावच कागदावरून पडलेलं. पाण्यात कालवलेला लगदा चाळणीवर उचलून त्याचा पातळ थर कसा धरतात, हे मुलं श्वास रोखून बघत होती. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून ती उभी राहिली. कापडाच्या चिंध्यांपासून झालेला तो कागद हाताला कापसासारखाच लागतो. पण त्यावर ऑफिसच्या स्टॅम्प पॅडची शाई वापरू नका. ती पसरते आणि पतंगाची शेपटी सुरवंटासारखी दिसते. तिथे कणांची, म्हणजे पिगमेंटची शाई हवी.

नक्षीचा कागद आणायला पूर्वी मी अब्दुल रेहमान स्ट्रीटला जायचे. बारा इंची चौकोनी तावांचे गठ्ठे मिळतात, फुलाफुलांचे, चौकड्यांचे. ते सुंदर असतात, पण बरेचसे परक्या ऋतूंचे: बर्फाच्या चांदण्या, लाल पानगळ. आमच्या संक्रांतीच्या कार्डावर बर्फ कशाला? म्हणून आम्ही हळूहळू आपले कागद जमवले. लग्नपत्रिकांच्या पाकिटांचं सोनेरी अस्तर, जुन्या कॅलेंडरमधला पैठणीचा काठ, साडीच्या खोक्यातला वेलबुट्टीचा कागद. आणि अब्री. जमाखर्चाच्या जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर रंगांच्या लाटा असलेला कागद असायचा, तो बघितलाय ना? अब्र म्हणजे फारसीत ढग. सतराव्या शतकात विजापूरकडचे चित्रकार अशाच कागदातून हत्तीघोडे आणि फकिरांची चित्रं उभी करत. आम्ही परातीत पाणी घेतो, टर्पेंटाइनने पातळ केलेल्या ऑइल पेंटचे थेंब सोडतो, काडीने एकदाच ढवळतो आणि कागद अलगद टेकवून उचलतो. दोन कागद सारखे येत नाहीत. खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि परात पुन्हा स्वयंपाकात घ्यायची नाही, एवढं पथ्य.

नक्षीचा कागद कार्डापेक्षा चारी बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर लहान कापला की भोवती आपोआप पांढरी चौकट राहते. फेव्हिकॉल नको, त्यात पाणी असतं, कागद एका बाजूने फुगतो आणि कार्ड पापडासारखं वळतं. जुलैत तर हमखास. डबल टेप बरी. चित्र जरा उचलून दिसायला हवं असेल तर खाली फोम टेपचे तुकडे.

उठावाची अक्षरं सगळ्यांना करायची असतात. सावकाश वाळणाऱ्या शाईने ठसा मारायचा, ओली असतानाच बारीक एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि हीट गनने तापवायचं. पावडर वितळून चकाकते, तो क्षण बघायला पोक्त माणसंही खुर्चीतून उठतात. केस वाळवायचा ड्रायर इथे चालत नाही. त्याला वारा जास्त आणि उष्णता कमी, पावडर उडून जाते. मुंबईच्या दमट हवेत पावडर नको तिथेही चिकटते, म्हणून ठसा मारण्याआधी मलमलच्या पुरचुंडीतली टाल्कम पावडर कागदावर हलकेच फिरवतो.

एवढं सगळं शिकवून झालं तरी मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: एक ठसा पुरे. फुलं, फीत, मोती, टिकल्या सगळं एकाच कार्डावर आलं की लिहायला जागा उरत नाही. आणि लिहायचं असतंच. हेन्री कोल या इंग्रज गृहस्थांनी १८४३ मध्ये नाताळचं छापील कार्ड काढून घेतलं, ते पत्रांना उत्तरं लिहायला वेळ पुरेना म्हणून. म्हणजे नाताळचं छापील कार्ड जन्मलं तेच लिहिणं वाचवायला. आपल्याकडे १९७९ मध्ये दिल्लीत आर्चिज ही कार्डांची कंपनी सुरू झाली, त्याच वर्षी मुंबईत रिपन कपूर आणि मित्रांनी क्राय ही संस्था सुरू केली आणि पुढे मुलांसाठी पैसे उभे करायला कार्डं विकली. त्या कार्डांचं मला मोल आहे, मीही ती घेतली आहेत. पण मंगळवारी आम्ही वेळ वाचवायला बसत नाही. एका माणसासाठी एक दुपार द्यायची असते.

आणि आता ळ.

तयार ठशांवरचा मजकूर बहुतेक इंग्रजीच. देवनागरी अक्षरांचा एक रबरी संच मला मिळाला, तेव्हा केवढा आनंद झाला होता! पहिल्याच मंगळवारी ‘तिळगूळ’ जुळवायला बसलो. गंमत म्हणजे बोलताना आपण ‘त’वरून ‘इ’कडे जातो, पण ठशाने लिहिताना आधी वेलांटी मारावी लागते. वेलांटी उठली, त उठला. मग सगळे संचात शोधू लागलो. ळ नव्हताच. संच हिंदीसाठी केलेला होता. ल आणि श यांची वळणंही हिंदीचीच होती. ‘तिळगूळ’ या एका शब्दात दोनदा ळ, आणि आमच्याकडे एकही नाही. एका मुलीने विचारलं, ‘बाई, ल चालेल का?’ मी म्हटलं, ‘नाही चालणार.’ जरा मोठ्यानेच म्हटलं असेन.

त्या रात्री मी खोडरबरावर ळ कोरला. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने अक्षर काढायचं, कागद पालथा घालून रबरावर घासायचा. अक्षर आपोआप उलटं उमटतं, म्हणजे ठसा सुलटा येतो. मग लिनो कटरने भोवतालचं रबर काढायचं. ळच्या पोटातले दोन गोल सर्वांत अवघड, तिथे मी जाड सुई वापरली. दोन खोडरबरं वाया गेली. तिसऱ्यावर आला. शिरोरेषा मुद्दाम कोरली नाही. शब्द पूर्ण झाल्यावर ती पट्टीने एकसंध ओढली की अक्षरं एकमेकांचा हात धरल्यासारखी दिसतात. मग मराठी वळणाचा ल केला, श केला. पुढे शिक्केवाल्याकडून ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ असा अख्खा ठसाही करून घेतला. तो आमच्याकडे सर्वांत जास्त वापरला जातो.

पण नाना तो ठसा घेत नाहीत. नाना आमच्याच वसाहतीतले, चौऱ्याऐंशी वर्षांचे. हात थरथरतो, सहीसुद्धा जमत नाही. कुडाळला असलेल्या धाकट्या बहिणीला त्यांनी कित्येक वर्षांत काही लिहिलेलं नव्हतं. फोनवर दोघांनाही नीट ऐकू येत नाही. तिच्या नावात मधोमध ळ आहे. नानांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून एकेक अक्षर उठवलं. एक वर, एक खाली, शाई कुठे गडद, कुठे फिकी. शिरोरेषा ओढून देऊ का, म्हणून मी पट्टी पुढे केली. ते म्हणाले, ‘राहू दे, तिला कळेल मीच केलंय ते.’ कार्ड अठरा ग्रॅम भरलं. तिळाची पुडी त्यांनी घरून बांधून आणली होती.

गेल्या संक्रांतीची ही गोष्ट. तेव्हापासून तो ळ काड्यापेटीत घालून ते घरी नेतात आणि जुन्या वर्तमानपत्रांवर सराव करतात. मंगळवारी येतात तेव्हा बोटं जांभळी असतात. परवा त्यांनी काड्यापेटी माझ्यापुढे उघडून ठेवली. ळच्या उजव्या गोलाची कड झिजली आहे. जानेवारीच्या आत त्यांना दुसरा हवाय, आणि ‘बाई, या खेपेला जरा मोठा,’ म्हणाले.