मार्क जातात कुठे?

"ताई, दिवसभर पुस्तकात डोकं असतं हिचं. मग मार्क जातात कुठं?" सहामाहीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात कुणा ना कुणाची आई हे विचारतेच. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मुलीच्या दप्तरात घडी घालून कोंबलेलं असतं. तपासलेला पेपर हातात आला की मुलं वरचा आकडा बघतात आणि पेपर दडवतात. आमचं काम ती घडी उलगडण्यापासून सुरू होतं.

दहावीच्या एका मुलीला विज्ञान भाग 1 मध्ये 40 पैकी 13 मिळाले होते. गेलेले 27 मार्क आम्ही दोघींनी एकेक करून शोधले. पेन्सिलीने तीन खुणा ठरवल्या. येत होतं पण चुकलं, अर्धवट आठवलं, आणि कोरं सोडलं. कोऱ्या जागांचे 9 निघाले, चुकलेल्यांचे 7 आणि अर्धवट आठवलेल्यांचे 11. "मला काहीच येत नाही" असं म्हणत ती बसली होती. कागदावर मात्र वेगळंच दिसत होतं. निम्म्याहून जास्त मार्क तिने वाचलेल्या, एकदा कळलेल्या गोष्टींवरच गेले होते.

भिंगाचं गणित घ्या. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर 20 सेंमी, वस्तू 30 सेंमीवर, तर प्रतिमा कुठे मिळेल? तिने सूत्र बरोबर लिहिलं होतं आणि उत्तर काढलं होतं 12 सेंमी. यायला हवं होतं 60. वस्तूचं अंतर कार्टेशिअन चिन्ह संकेतानुसार ऋण घ्यायचं, ते तिने धन घेतलं होतं. हाच नमुना पुस्तकातून तिने कितीदा तरी वाचला होता, शेजारी हायलायटरचा पिवळा पट्टाही होता. पण सोडवलेल्या उदाहरणात ऋण चिन्ह आधीच बसलेलं असतं. ते कुठे द्यायचं हा निर्णय वाचणाऱ्याला घ्यावाच लागत नाही. परीक्षेत तो पहिल्यांदा घ्यावा लागतो.

म्हणून आता उत्तरावर कोरा कागद ठेवायचा. आधी आकृती काढायची, भिंगाच्या डावीकडे वस्तू, तिच्या अंतरापुढे चिन्ह, आणि मगच सूत्र. पहिल्या काही गणितांना ती कागद सरकवून चोरून बघायची. मी अडवलं नाही, फक्त बघितलं की गणिताच्या आकड्याभोवती गोल करायला सांगितलं. गोल केलेलं गणित दोन दिवसांनी पुन्हा करायचं.

अर्धवट आठवणाऱ्या उत्तरांवर मेहनत जास्त लागते. मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीतील दोष विचारले होते. तिने हायड्रोजनचं स्थान लिहिलं आणि पुढे त्याच सारणीचे गुण लिहून जागा भरली. घरी ती हे उत्तर मोठ्याने म्हणायची, वहीत उतरवायची, पुन्हा म्हणायची. आम्ही पुस्तक मिटलं आणि आठवेल तेवढं लिही म्हटलं. पहिला बराच वेळ पेन हललं नाही. ही मिनिटं बघणाऱ्यालाही जड जातात, हात आपसूक पुस्तकाकडे जातो. पण तेव्हाच थांबायचं असतं. थोड्या वेळाने समस्थानिकांचा मुद्दा आला. कोबाल्ट आणि निकेलचा नाही आला. मग पुस्तक उघडून तेवढाच मुद्दा तिने लाल पेनने लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं पान. लाल शाई कमी होत गेली की उत्तर पक्कं होत चाललं, हे तिला माझ्या सांगण्याशिवाय दिसू लागलं.

यामागे पक्का आधार आहे. रॉडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. एक उतारा काही विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारे. ती पाच मिनिटांची हुशारीच मुलांना फसवते. रात्री वाचलेलं रात्री येतं, म्हणून अभ्यास झाला असं वाटतं. विसरण्याचा वेग जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये मांडला होता. तरीही आपल्या घराघरांत भिंतीवर वेळापत्रक लागतं ते तासांचं, पहाटे पाच ते सात, रात्री आठ ते अकरा. एक धडा पुन्हा केव्हा आठवून बघायचा, याला त्यात रकाना नसतो. मला हे मनापासून खुपतं, कारण झोप मोडून बसणाऱ्या मुलांचे कष्ट त्यात वाया जातात. आमच्या मुलांच्या वहीत धड्याच्या नावापुढे पेन्सिलीने तारखा असतात: उद्याची, चार दिवसांनंतरची, पंधरवड्यानंतरची.

एका खोलीत पाच माणसं आणि टीव्ही असताना हे जमवणं सोपं नाही. तिला शाळेतून आल्यावर पाणी भरायचं असतं, धाकट्या भावाला सांभाळायचं असतं. पण आठवायला पुस्तक लागत नाही. पाण्याच्या रांगेत ती आवर्तसारणीचे दोष मनात मोजते आणि घरी येऊन अडलेला तेवढाच बघते.

पुढच्या चाचणीत भिंगाचं गणित बरोबर आलं, चिन्हासकट. अर्धवटाची रास निम्म्यावर आली. कोऱ्या जागा मात्र जवळपास तेवढ्याच राहिल्या, आणि त्या सगळ्या शेवटच्या पानावर होत्या. 40 मार्कांना दोन तास, म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं. तिने दोन मार्कांच्या एका उत्तराला पान भरून लिहिलं होतं. तेव्हा आता दर शनिवारी जुनी प्रश्नपत्रिका आणि समोर घड्याळ. पहिल्या शनिवारसाठी तिने स्वतःच भूमितीचा पेपर मागितला आहे, रचनांना तिचा सगळ्यात जास्त वेळ जातो म्हणून.