बुरसलेल्या वैरणीची धाप : टीबी की आणखी काही?

पावसात भिजलेला कडबा तसाच गंजीला लावला की गंजी आतून तापते. पुढे ती फोडली की धूर निघावा तशी पांढरट भुकटी उडते. अशा वैरणीला गुरे तोंड लावीत नाहीत हे आपण पाहतो. पण ती उचलणाऱ्या माणसाच्या छातीत काय जाते, याकडे कोण बघतो?

त्या उबेत वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंचे व बुरशीचे कण अतिशय बारीक असतात. ते थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात आणि काहींना त्याची ॲलर्जी जडते. सकाळी गंजी फोडली की चार ते आठ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला, धाप. एक-दोन दिवसांत उतरते, म्हणून गडी पुन्हा कामाला! वर्षानुवर्षे असेच चालले तर फुफ्फुस घट्ट होते आणि ते पूर्ववत होत नाही. इंग्लंडमध्ये डॉ. कॅम्पबेल यांनी १९३२ साली वाळले गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांत हा आजार नोंदवला. त्याला 'फार्मर्स लंग' म्हणतात. साखर कारखान्यातील जुन्या, बुरसलेल्या बगॅसने होणारा 'बगॅसोसिस' हा त्याचाच भाऊ.

खोकला, ताप, घटलेले वजन म्हटले की आपल्याकडे आधी टीबीची शंका येते, आणि ती यायलाच हवी. पण निदान अडले तर मोठ्या रुग्णालयात फुफ्फुस धुऊन तपासतात. बारीक नळी घालून सलाईनचे पाणी सोडतात, परत ओढतात आणि त्यातल्या पेशी मोजतात. ('छातीत पाणी झाले' म्हणतो ते हे नव्हे.) धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसात शंभरातल्या ८५ हून अधिक पेशी सफाई करणाऱ्या मॅक्रोफेज असतात, लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी १० ते १५. या ॲलर्जीत लिम्फोसाइट बहुधा ३० च्या वर, कधी निम्म्याहून जास्त भरतात. त्याच पाण्यात टीबीचे जंतूही शोधता येतात.

मात्र लिम्फोसाइट इतर आजारांतही वाढतात. म्हणून गंजी, बगॅस, कोंबड्या-कबुतरे यांपैकी कशात काम करता आणि त्रास किती तासांनी होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. चालू असलेली टीबीची औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत.

कडबा खडखडीत वाळल्यावरच रचावा. बुरसलेली गंजी उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून फोडावी. तोंडाला नुसता पंचा बांधून हे कण अडत नाहीत. एन-९५ मास्क वापरावा. ज्याला एकदा त्रास झाला, त्याने ते काम दुसऱ्याकडे द्यावे.