बोट शेडमध्ये आहे. पण इंजिनाला पाणी मिळते का?

ऑगस्ट 2019 चा महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. आयर्विन पुलाखाली धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढले. पलूस, वाळवा, मिरज, शिराळा या तालुक्यांत कित्येक गावांना बाहेर पडायला बोटीशिवाय वाट राहिली नाही. 8 ऑगस्टला येरळा-कृष्णेच्या संगमावरच्या ब्रह्मनाळला जादा माणसे भरलेली बोट उलटली आणि 17 जणांचा बळी गेला. ती दुर्घटना इंजिन तापल्याची नव्हती. पण पुराच्या पाण्यात बोट म्हणजे काय चीज असते, हे तेव्हा सगळ्या काठाला कळले.

आता काठावरच्या बऱ्याच गावांकडे बोटी आहेत. उन्हाळ्यात विचारले तर उत्तर ठरलेले, "आहे की, ताडपत्रीखाली झाकून ठेवलीय." झाकून ठेवली हे बरेच झाले. पण वर्षातून दहा-अकरा महिने पडून राहिलेले इंजिन नेमके पुराच्या रात्री सुरू होईल, आणि सुरू झाले तरी अर्धा तास टिकेल, हे कोणी पाहिलेले असते का? बोटीचे इंजिन पुरात बंद पडण्याची जी ठळक कारणे आहेत, त्यांत पाणी न मिळाल्याने तापणे हे एक मोठे कारण. आणि हे आधी कळणारे दुखणे आहे.

आपल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्या माणसाला आठवत असेल, पंपाच्या डिलिव्हरीतून एक बारीक नळी इंजिनाला दिलेली असायची. ते पाणी इंजिनाभोवती फिरून दुसऱ्या नळीने बाहेर पडायचे. त्या धारेखाली हात धरायचा. सोसवेल इतके गरम असले की ठीक, चटका बसला की कॉक थोडा उघडायचा. काहीजण पाणी अगदी गार ठेवत, त्यात त्यांना शहाणपण वाटे. ते खरे तर इंजिनाला मारकच, कारण गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते आणि लायनर झिजतो. बोटीतही हिशेब हाच. फक्त इथे पाणी नदीचे, आणि कॉकवर तुमचा हात नाही.

बोटीच्या मागे लटकवतात त्या इंजिनाला आउटबोर्ड म्हणतात. त्याच्या पाण्यात बुडणाऱ्या पायात रबराच्या पात्यांचे एक छोटे चाक असते, इंपेलर. ते बाजूच्या जाळीतून पाणी ओढते आणि वर इंजिनाकडे चढवते. पाणी सिलिंडरभोवती फिरते आणि बहुतेक पाणी धुराबरोबर खाली पंख्याच्या तोंडातून निघून जाते. थोडे पाणी मात्र मागच्या बाजूने बारीक धारेने बाहेर पडते. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी. बोट हाकणाऱ्याने दर दोन-चार मिनिटांनी मान वळवून धार बघायची सवय लावून घ्यावी. धार बारीक झाली, तुटक झाली किंवा तिच्यातून वाफ यायला लागली की वेग कमी करा. धार अजिबात बंद झाली तर इंजिन लगेच बंद करा. "पलीकडच्या काठापर्यंत नेऊ या" म्हणाल तर पिस्टन जाम झालाच समजा, आणि मग भर पुरात बोट प्रवाहाच्या स्वाधीन.

पुरात जाळी तुंबते कशाने, हे काठावरच्यांना सांगायला नको. उसाचे पाचट, केंदाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, वाहून आलेले कपडे. इंजिन बंद करून पाय वर उचलायचा, जाळी हाताने साफ करायची, पुन्हा खाली सोडायचा. एवढ्यात बोट वाहून जाऊ नये म्हणून वल्ही बोटीत पाहिजेतच. वल्ह्याशिवाय मोटरबोट पुरात घालणे हा आमच्या मते गुन्हाच आहे.

कधी कधी धार बंद असते, पण इंजिन तापलेले नसते. शेडमध्ये पडून असताना धारेच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असते. बारीक तार घालून भोक मोकळे करा, मग पुढचे निदान करा.

खरी तपासणी मे महिन्यातच झाली पाहिजे. दोनशे लिटरचा ड्रम घ्या, पाण्याने भरा, इंजिनाचा पाय जाळीच्या बराच वर येईपर्यंत त्यात बुडवा. पंखा काढून ठेवलेला बरा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून दहा मिनिटे चालवा. धुरामुळे ड्रममधले पाणी तापते, तेव्हा मधे बदला. ही चाचणी उघड्यावरच करायची, बंद खोलीत धूर जीव घेतो. पाण्याशिवाय "जरा सुरू होतंय का बघू" म्हणून किक मारणारे हौशी गावोगाव असतात. कोरड्यात काही सेकंदांतच इंपेलरचे रबर भाजून निघते. ते रबर नुसते पडूनही कडक होते, पाती एका बाजूला वाकून राहतात. इंपेलर मोठा महाग भाग नाही. ठरावीक मुदतीने बदलावा, आणि एक जादा गावात ठेवावा. टाकीतले गेल्या वर्षीचे पेट्रोलही काढून टाका, इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी ओढून घेते.

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागरावर गोष्ट थोडी वेगळी. तापोळा, बामणोलीच्या बाजूला लाँच म्हणजे हौस नाही. कांदाटी खोऱ्यातल्या माणसांचे रेशन, दवाखाना, बाजार त्यावर चालत आले. पर्यटकांच्या, वासोट्याला जाणाऱ्यांच्या फेऱ्या वेगळ्याच. 105 टीएमसीचे धरण, पण उन्हाळ्यात पाणी खाली गेले की काठाशी चिखल आणि बुडालेल्या झाडांची खोडे. तिथे लाँच टेकवली की पंप पाण्याऐवजी गाळ ओढतो. पोटात बसवलेल्या डिझेल इंजिनात धुराचा पाइपही पाण्याने गार करतात. इंजिनातून निघणारा धूर ओझ्याखाली तीन-चारशे अंशांवर असू शकतो. पाइपच्या वळणापाशी त्यात पाणी मिसळले की पुढची रबरी नळी टिकते. पाणी कमी पडले की पहिल्यांदा तीच भाजते, धूर लाँचमध्ये कोंडतो, आगही लागू शकते. म्हणून मागे पडणाऱ्या पाण्याची फसफस कानात ठेवावी. आवाज कोरडा, खणखणीत झाला की थांबा. पांढरी वाफ दिसली तर पाणी अपुरे. काळा धूर असेल तर ओझे जास्त किंवा इंजिनाला हवा कमी, आणि तेव्हा धुराचा ताव आणखी चढतो. जादा माणसे भरली की बोट खोल बसते आणि इंजिनही घुसमटते.

ताव मोजायला बंदुकीसारखे थर्मामीटर मिळते. कोरोनात ग्रामपंचायतीने घेतले ते मात्र चालणार नाही, ते अंगाच्या तापापुरतेच. कारखान्यात वापरतात ते घ्या. चकचकीत धातूवर ते कमी आकडा दाखवते, म्हणून मोजायच्या जागी काळा ठिपका द्यावा. इंजिन धड असताना दहा मिनिटे चालवून हेड, प्रत्येक सिलिंडरचे धुराचे तोंड आणि रबरी नळी यांचे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ते चढलेले दिसले की कुठेतरी गाळ बसलाय किंवा इंपेलर थकलाय. एक तोंड बाकीच्यांपेक्षा बरेच गार असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर दाखवा. तापलेल्या इंजिनावर बादलीने गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

ही वही ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) असावी, आणि बोट चालवणारे किमान दोघे तरुण तपासणीच्या वेळी हजर असावेत. पूर ओसरला की इंजिन गढूळ पाण्यासकट तसेच शेडमध्ये ढकलू नका. त्याच ड्रममध्ये स्वच्छ पाण्यावर चालवून आतला गाळ धुवा. मग पाय उभा ठेवून सगळे पाणी निथळू द्या. इंपेलर बदलल्याची तारीख इंजिनाच्या झाकणावर आतून रंगाने लिहा, वही हरवते.