टोमणा त्यांचा, चेहरा आपला

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात आरोग्य तपासणीचा दिवस ठेवला होता. आयाबाया रांगेत बसून रक्तदाब, साखर तपासून घेत होत्या. एक सतरा वर्षांची मुलगी मात्र ओढणीने तोंड गुंडाळून भिंतीकडे पाहत बसली होती. बऱ्याच वेळाने तिने ओढणी सोडली. गाल लालभडक झालेले, त्यावर पुरळ, कानाजवळ बारीक लव वाढलेली. उन्हात पाऊल टाकले की चेहऱ्याची आग होते, असे तिने सांगितले.

शाळेत मुले तिला "डांबर" म्हणत. एका लग्नात आत्याने दहा जणींसमोर म्हटले होते, "हिच्यासाठी स्थळ बघता बघता भावाच्या चपला झिजणार." त्या रात्री मुलगी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आईने शेजारणीच्या सांगण्यावरून दुकानातून एक ट्यूब आणून दिली. आठ महिने ती ट्यूब रोज रात्री चेहऱ्याला लागत होती. आई आमच्यासमोर एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, "मीच आणून दिली हो."

त्या आईला आम्ही दोष देत नाही. लेकीचे दुःख तिला बघवले नाही. पण दुखणे बोलणाऱ्याच्या तोंडात होते आणि औषध लागले लेकीच्या चेहऱ्याला. रूपावरून, विशेषतः रंगावरून कोणी घालूनपाडून बोलले तर काय करावे आणि काय करू नये, हे या वेळी आरोग्य पानावर सांगत आहोत.

रंग येतो कुठून?

आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे रंगद्रव्य बनवतात यात. ते आईवडिलांकडून, आजी-आजोबांकडून येते. हे रंगद्रव्य उन्हातील घातक किरणांपासून त्वचेचा बचाव करते. गवंडीकाम करणाऱ्या, भाजीची गाडी लावणाऱ्या, रस्ता झाडणाऱ्या माणसाला ते निसर्गाने दिलेले छत्र आहे. काळी त्वचा हा आजार नाही, म्हणून तिला औषधही नाही.

दंडाच्या आतल्या बाजूला जिथे ऊन लागत नाही तिथला रंग बघा. तो आपला मूळ रंग. त्याच्यापलीकडे कायमचे गोरे करणारे मलम जगात नाही. गरोदरपणी केशर घातलेले दूध प्यायल्याने बाळ गोरे होत नाही. बाळाला डाळीच्या पिठाने घासून रंग उजळत नाही, उलट त्याची कोवळी कातडी सोलवटते. "कानाच्या पाळ्या बघ, पोरगी काळी होणार," असे बाळंतिणीच्या खाटेशी बसून बोलणाऱ्या बायका आपल्यातही आहेत. टोमण्याची सुरुवात तिथूनच होते.

मात्र रंगात अचानक झालेला बदल डॉक्टरांना दाखवावा. मानेवर, काखेत कातडी जाड, मखमलीसारखी काळी झाली असेल तर तो मळ नसतो. "मान धूत नाहीस का?" म्हणून मुलांना हिणवतात, आणि मुले दगडाने घासून घासून जखमा करून घेतात. बहुतेक वेळा ही वाढलेल्या वजनाची आणि शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. अशा वेळी साखर तपासून घ्यावी. बोटांची पेरे काळी पडत असतील तर कधी कधी बी-१२ जीवनसत्त्व कमी असते. पांढरे चट्टे आले तर तेही दाखवावेत. प्रत्येक पांढरा चट्टा कोड नसतो, आणि कोड असले तरी ते स्पर्शाने पसरत नाही. कोड म्हणजे कुष्ठरोगही नव्हे.

त्या ट्यूबमध्ये काय असते?

वस्तीत हातोहात फिरणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांसारखे स्टिरॉइड असते. काहींत त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असते. ही औषधे वाईट नाहीत. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी देतात. पण गोरे होण्यासाठी महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावण्याची ती वस्तू नव्हे.

पहिले दोन-तीन आठवडे चेहरा उजळल्यासारखा वाटतो. तिथेच माणूस फसतो. पुढे कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते, लव वाढते, उन्हात आग होते. ट्यूब बंद केली की लाली आणि खाज दुप्पट होते, म्हणून माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो. आपल्या देशात हा त्रास इतका दिसतो की त्वचारोग तज्ज्ञांनी त्याला वेगळे नावही दिले आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही ती काउंटरवर नुसते नाव सांगून मिळतात.

दुसरा धोका पाऱ्याचा. काही गोरेपणाच्या क्रीममध्ये, विशेषतः ज्यांवर बनवणाऱ्याचा धड पत्ता नसतो अशा डब्यांमध्ये, पारा घातलेला असतो. पारा कातडीतून शरीरात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. २०२३ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा आजार आढळला होता. पाय सुजणे, लघवीला फेस येणे अशी लक्षणे दिसली तर क्रीमचा डबा घेऊन दवाखाना गाठावा. आईच्या हाताला लागलेला पारा अंगावरच्या बाळापर्यंतही पोचतो.

घरात ट्यूब असेल तर एवढे करा:

१. वेष्टनावर तांबडी उभी रेघ किंवा वर सांगितलेल्या औषधांपैकी एखादे नाव आहे का ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

२. बरेच महिने लावत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, पण चालूही ठेवू नका. लवकरात लवकर सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात जा. सोबत ट्यूब न्या. लाजून लपवाल तर डॉक्टरांना नेमके कळणार नाही.

३. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्याला लावू नका. सौम्य साबण, पाणी आणि उन्हात जाताना सुती कपडा एवढे पुरते.

४. आपली ट्यूब दुसऱ्या कोणाला देऊ नका.

बोलणाऱ्याला काय म्हणावे?

संयुत्तनिकायात एक प्रसंग आहे. एक माणूस रागाने येऊन भगवान बुद्धांना शिव्या देतो. बुद्ध त्याला विचारतात, तुझ्या घरी पाहुणे येतात का? त्यांना तू जेवण वाढतोस का? त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे? तो म्हणतो, माझेच. तेव्हा बुद्ध सांगतात की तुझ्या शिव्या आम्ही घेतल्या नाहीत, त्या तुझ्याच आहेत. न घेणे म्हणजे मान खाली घालून गिळणे नव्हे, हे इथे लक्षात घ्यावे. बुद्ध गप्प राहिले नाहीत. त्यांनी शांतपणे ते ताट परत केले.

आपणही परत करू शकतो. नातेवाईक असेल तर, "आत्या, तुम्ही मोठ्या आहात, पण माझ्या रंगावर बोलू नका. मला वाईट वाटतं." वर्गातला मुलगा असेल तर, "माझं नाव आहे, त्या नावाने हाक मार." कोणी काळजीच्या आवाजात "किती काळवंडलीस गं!" म्हटले तर, "उन्हात काम करते मावशी, तब्येत ठणठणीत आहे." वाक्य लहान असावे, आवाज शांत असावा आणि एकदा बोलून झाले की विषय बदलावा. उलट त्यांच्या टकलावर, पोटावर, दातांवर बोलू नये. तसे केले तर तेच ताट आपण पुढे सरकवले असे होईल. बोलणारा दारू प्यायलेला असेल, टोळक्यात असेल, तर उत्तर न देता तिथून निघून यावे. तो पळपुटेपणा नाही.

एक टोमणा स्तुतीच्या वेषात येतो. ऑफिसात, कॉलेजात आपल्या गोऱ्या मुलीला म्हणतात, "तू त्यांच्यातली वाटत नाहीस!" हे ऐकून हसू नये. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले आहे की जातींची विभागणी ही वंशांची विभागणी नव्हे. एकाच प्रांतातले ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वंशाने एकच. कातडीवर जात लिहिलेली नसते. "मग आमच्यातली कशी दिसते असं तुम्हाला वाटतं?" एवढा एक प्रश्न शांतपणे विचारावा. उत्तर त्यांना देऊ द्यावे.

शाळेत शिक्षक किंवा मुले सतत चिडवत असतील तर पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची प्रत पोचपावतीसह जवळ ठेवावी. रंगासोबत जात काढून लोकांदेखत मुद्दाम अपमान केला असेल, आणि करणारा अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा होतो. १९९० पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हा दर्जा आहे, म्हणून हा कायदा आपल्याही बाजूने उभा आहे. शब्द, तारीख, वेळ आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवावेत.

घरात काय करावे?

मूल रडत आले की आपण म्हणतो, "लक्ष नको देऊस." त्याने मूल गप्प होते, बरे होत नाही. आधी त्याला पूर्ण बोलू द्या. कोण म्हणाले, काय म्हणाले, तेव्हा तुला कसे वाटले, हे विचारा. मग सांगा, "चूक त्यांची आहे, तुझ्यात काही कमी नाही." त्यानंतर उत्तराचे वाक्य घरातच दोन-चारदा म्हणून घ्या. सराव झाला की वेळेला तोंडातून शब्द फुटतो.

मूल शाळा टाळू लागले, जेवण सोडले, आरशासमोर तासन्‌तास उभे राहू लागले किंवा आरसाच टाळू लागले, "मी मेलेलीच बरी" असे बोलले, तर ते नखरे समजू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, रात्रीही चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. लहान मुलांसाठी १०९८ आहे.

आता थोडे आपल्याकडेही बघू या. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली आणि २०२० साली तिच्या नावातला 'फेअर' हा शब्द काढला गेला. कंपनीने नाव बदलले. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर मात्र 'वर्ण : गोरा / निमगोरा / सावळा' हा रकाना अजून आहे. वर्णव्यवस्था नाकारलेल्या समाजाच्या फॉर्मवर तो शब्द आणि तो रकाना कशाला? शिक्षण, काम, व्यसन, आजार हे विचारा. आम्ही आमच्या विहारातल्या मंडळाला तो रकाना काढायला सांगितले आहे. तुमच्या मंडळातही हा विषय काढा. सम्यक वाचा ही वंदनेपुरती नसते. सुनेच्या रंगावर, नातीच्या नाकावर, पुतण्याच्या वजनावर घरात बोलताना ती आपल्या जिभेवर असायला हवी.

ती मुलगी अजून उपचार घेते आहे. चेहरा पूर्ववत व्हायला बरेच महिने लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. गेल्या महिन्यात एका बारशाला आत्या पुन्हा काही बोलणार, तोच आई म्हणाली, "वन्सं, माझ्या लेकीच्या तोंडावर आता एक शब्दही नको." आत्या गप्प बसली. मुलगी त्या दिवशी ओढणी खांद्यावर टाकून, उघड्या चेहऱ्याने पंगतीला बसली होती. डॉक्टरांचे मलम चालू आहेच. पण आईचे ते वाक्य आठ महिने आधी आले असते तर मलमाची वेळच आली नसती. तुमच्या घरी ते वाक्य वेळेवर यावे, म्हणून हे लिहिले.