जबलपूरचे पाच टक्के
मार्च १८७० मध्ये मुंबईहून आलेले जीआयपी रेल्वेचे रूळ आणि अलाहाबादकडून आलेले ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ जबलपूरला भेटले. मुंबई ते कोलकाता अशी सलग रेल्वेवाट तयार झाली. या रुळांत पैसा घालणाऱ्या विलायती भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा कमी पडला, तर तूट भरायची हिंदुस्थानातल्या करदात्याने. मग खर्चाला आळा घालायची कंपनीला कसली घाई!

इंटरनेटच्या हिशेबातही पाच टक्केच आहेत, फक्त उलट्या दिशेने जाणारे. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला तेवढा वाटा सरकार कापून घेतं आणि जिथे धंदा परवडत नाही अशा भागांसाठी राखून ठेवतं. २००२ पासूनच्या या व्यवस्थेला २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ‘डिजिटल भारत निधी’ असं नाव दिलं.

हा खटाटोप कशासाठी, ते जबलपूर जिल्ह्यातच दिसतं. नेपियर टाउनसारख्या दाट वस्तीत फायबरचा खर्च शेकडो बिलांत वाटला जातो. कुंडमच्या आदिवासी भागात तेवढीच केबल दोन पाड्यांमधल्या रानातच संपते आणि बिल भरणारी घरं मोजकी. चर खणण्याची मजुरी काही कमी होत नाही. २०१६ मध्ये जिओ आल्यावर देशात डेटा मातीमोल झाला, पण ही स्वस्ताई टॉवरच्या टप्प्यात राहणाऱ्यांची.

अशा भागांसाठी त्याआधीच, ऑक्टोबर २०११ मध्ये, सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली. तीच आजची भारतनेट. तिचा सगळा भर केबल पंचायतीच्या दारात नेण्यावर होता. पुढे घरोघरी कोण नेणार? जेसीबीने ती तोडली तर सांधणार कोण? ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटींच्या सुधारित आराखड्यात पहिल्यांदा दहा वर्षांच्या देखभालीचा हिशेब धरला गेला. केबल आता कड्यासारखी फिरवायची, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क चालू राहील.

सांधणारे हात जबलपूरनेच वर्षानुवर्षं घडवले. १९४२ मध्ये सुरू झालेली इथली दूरसंचार प्रशिक्षण संस्था आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखली जाते आणि बीएसएनएलकडे आहे. त्याच बीएसएनएलमधून जानेवारी २०२० अखेर सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकदम बाहेर पडले. आता घरोघरी जोडणी देण्याचं काम गावातल्याच तरुण ‘उद्यमीं’वर सोपवलं जातंय, महिन्याच्या बिलातल्या वाट्यावर.