गाठीतला बदल, घराण्यातला नव्हे

अणदूरसारख्या गावात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाला ‘जनुक तपासणी’ सांगितली, की घरच्यांच्या मनात पहिली भीती येते: म्हणजे हे मुलांनाही होणार? भीती साहजिक आहे. जनुक म्हटले की आनुवंशिकताच आठवते. पण ही तपासणी गाठीच्या तुकड्याची असते. एखाद्या पेशीत जन्मानंतर कधीतरी घडलेला जनुकबदल (म्युटेशन) ती शोधते. असे बहुतेक बदल गाठीपुरतेच राहतात.

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटला, की मोटार थांबतच नाही. ‘ईजीएफआर’ जनुकातल्या बदलाने तसेच होते: ‘वाढ’ हा निरोप पेशीला अखंड मिळत राहतो. जेफिटिनिबसारखी गोळी तोच निरोप तोडते. आणि बापाच्या विहिरीवरचा स्टार्टर चिकटला म्हणून मुलाच्या विहिरीवरचा चिकटत नाही.

पूर्व आशियातल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बदल असलेल्या १०० पैकी सुमारे ७१ जणांची गाठ या गोळीने आकसली. बदल नसलेल्यांत जेमतेम एकाची. म्हणून अहवालाआधी गोळीचा आग्रह धरू नये.

अपवाद आहेत. स्तन व बीजांडकोशाच्या काही कर्करोगांत ‘बीआरसीए’ जनुकाचा दोष खरोखर वारशाने येतो; त्यासाठी रक्त तपासतात.

आणखी एक गल्लत टाळावी. अणदूरच्याच जिल्ह्यातल्या गावांत १९९९ पासून हजारो स्त्रियांची एचपीव्ही विषाणूसाठी डीएनए तपासणी झाली, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने. ती निरोगी स्त्रियांसाठी होती, गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळण्यासाठी. गाठीची तपासणी निदानानंतरची, औषध निवडण्यासाठीची.