पहिल्या पाच दिवसांचे शास्त्र

घरातली मुलगी एम्. एस्‌सी. झाली आणि म्हणाली, "मी आता गर्भविज्ञानात पीएच. डी. करणार," की वडीलमंडळी क्षणभर एकमेकांकडे पाहतात. 'लग्नाआधी मुलीने हे काय शिकायचे!' असे एखादी मावशी बोलूनही दाखवते. मावशींवर रागावण्यात अर्थ नाही. ज्या गोष्टीची घरात नुसती कुजबुज व्हायची, तिचेही शास्त्र असते हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

मग ही मुलगी शिकते तरी काय? मानवी स्त्रीबीज म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा ठिपका. शुक्रजंतूशी त्याचा संयोग झाला की दुसऱ्या दिवशी दोनाच्या चार पेशी होतात, तिसऱ्या दिवशी आठ. पाचव्या दिवशी आत पोकळी असलेला एक चिमुकला गोळा तयार होतो. त्याच्या बाहेरच्या थरातून वार घडते आणि आतल्या पुंजक्यातून मूल. मग तो गोळा आपले वेष्टन सोडून गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. आईची पाळीही तोवर चुकलेली नसते! पुष्कळ गर्भ तर इथेच थांबतात. गुणसूत्रांची संख्या चुकणे हे त्याचे एक मोठे कारण. सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढे जरी ध्यानात घेतले, तरी कितीतरी घरांतले अश्रू वाचतील.

हे पाच दिवस डोळ्यांनी पाहता येऊ लागले ते प्रयोगशाळेत. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये ओल्डम येथे जगातले पहिले परीक्षानलिका-बालक जन्मले. त्यामागे रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांचे श्रम होते. सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात अशीच एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या खटपटीचे ते फळ. प्रजननशास्त्रात त्यांनी दोन डॉक्टरेट मिळवल्या होत्या, एक कलकत्त्याची आणि दुसरी एडिंबरोची. गर्भ गोठवून ठेवून नंतर तो गर्भाशयात सोडण्याची युक्तीही त्यांनी योजली होती.

पण विश्वास कोण ठेवणार? राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्या अध्यक्षांचा विषय रेडिओभौतिकी! समितीने दावा अमान्य केला. परदेशी परिषदेला जायची परवानगी डॉक्टरांना मिळाली नाही. पुढे त्यांची बदली झाली ती नेत्रविज्ञानाच्या संस्थेत. १९८१ साली या खचलेल्या माणसाने स्वतःचे जीवन संपवले.

इकडे मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात एक मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याबरोबर या कामात परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार होते. भारतातले पहिले परीक्षानलिका-बालक म्हणून या मुलीचा सर्वत्र गौरव झाला.

यानंतर अकरा वर्षांनी, १९९७ साली, मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित टिपणवह्या आनंदकुमारांच्या हाती आल्या. त्यांनी त्या बारकाईने वाचल्या आणि त्यांची खात्री पटली की कलकत्त्याचा दावा खरा होता. आता गप्प राहिले असते तर पहिलेपणाचा मान त्यांच्याच पदरात राहिला असता. त्यांनी तसे केले नाही. 'करंट सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी तो मान मुखोपाध्यायांना दिला. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट काढून दुसऱ्याच्या, तोही हयात नसलेल्या माणसाच्या, डोक्यावर ठेवायला केवढे मोठे मन लागते!

परळची ती संस्था आज राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. पीएच. डी.साठी तिथे आजही विद्यार्थी येतात. सूक्ष्मदर्शक, पेशी, संप्रेरके हे सारे ते शिकतीलच. पण या विषयाचा खरा पाठ त्या टिपणवह्यांत आहे. जे दिसले ते त्याच दिवशी, तारीख घालून, जसेच्या तसे लिहावे. आणि दुसऱ्याचे काम समजून घेतल्यावाचून त्याला खोटे म्हणू नये. मुखोपाध्यायांना हयातीत न्याय मिळाला नाही. सोळा वर्षांनी मिळाला तो त्यांनी कागदावर उतरवून ठेवले होते म्हणून, आणि ते प्रामाणिकपणे वाचणारा एक माणूस भेटला म्हणून.